ठवरे सरांचे एक्केचाळीस मेसेज

परवा मी एक ऑनलाइन फॉर्म भरत होते. पिनकोड टाकला, बटण दाबलं आणि पान टुणकन वर गेलं. सगळ्यात वर लाल अक्षरांत लिहून आलं, 'अवैध माहिती. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' काय अवैध, कुठे अवैध, काही पत्ता नाही. अठ्ठावीस रकाने वरपासून खालपर्यंत तपासले आणि शेवटी कंटाळून लॅपटॉप मिटवला. तेव्हा ठवरे सरांची फार आठवण आली. ते शेजारी असते तर हा फॉर्म बनवणाऱ्याची त्यांनी बिनपाण्याने केली असती, आणि करून झाल्यावर त्याला खुर्चीवरून उठवून स्वतः सगळं नीट करून दिलं असतं.

मुरलीधर ठवरे आमच्या कंपनीत सगळ्यात जुने. कंपनी म्हणजे काय, नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर, खाली पोह्यांचे ठेले आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही पंधरा जण. कॉलेजं, दवाखाने, पतसंस्था यांच्यासाठी आम्ही वेबसाइटवरचे फॉर्म बनवायचो, जावा या संगणकभाषेच्या एका जुन्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात. सर पंचावन्नच्या पुढचे, बुटके, शर्टाच्या खिशात दोन पेन आणि एक कंगवा. कंगव्याला फारसं काम उरलेलं नव्हतं, पण तो रोज खिशात असायचा. त्यांच्याकडे एकच काम होतं आणि ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. फॉर्म भरणाऱ्याचं काही चुकलं की पडद्यावर जी ओळ उमटते ती ओळ. तिचे शब्द, तिचा रंग, ती कुठे दिसणार, किती मोठी दिसणार, सगळं त्यांच्या हातून जायचं.

त्यांच्याबद्दल ऑफिसात सगळ्यांना दोन गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे त्यांना लाल रंग चालत नाही. दुसरी म्हणजे त्यांची मुलगी मिनल पुण्यात नोकरी करते आणि बापाशी बोलत नाही. का बोलत नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुसरं मूल नव्हतं. मिनलने एकदा फोन करावा, एवढंच त्या माणसाला जगात हवं होतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, पण त्यांचा फोन टेबलावर कधी पालथा ठेवलेला मी पाहिला नाही. वाजला की नाव बघेपर्यंत चेहऱ्यावर एक आणि बघितल्यावर दुसरंच.

मी रामटेकहून नोकरीला आले तेव्हा नव्याची नवलाई होती. पहिल्याच आठवड्यात मी एक फॉर्म केला. फ्रेमवर्कने जे फुकट दिलं होतं ते तसंच ठेवलं, म्हणजे सगळ्या चुका पानाच्या माथ्यावर, एकाखाली एक, लालभडक. सरांनी मला बोलावलं.

"हे इनव्हॅलिड कोण आहे वं?"

"म्हणजे ईमेल चुकला आहे सर."

"मंग तसं सांग ना. घरी आलेल्या पाहुण्याले तोंडावर इनव्हॅलिड म्हणशीन का तू? अन् हे सगळं वर काहून? ईमेल खाली आहे, बोंब वर मारून राहिली. खड्डा एकीकडे अन् पाटी दुसरीकडे!"

मग त्यांनी माझ्यादेखत प्रत्येक ओळ उचलून आपापल्या रकान्याखाली नेऊन ठेवली. फ्रेमवर्क ओळीमागे आपणहून एक काळा ठिपका लावायचं, तो काढला. रंग बदलला. लाल नाही, विटकरी, भाजलेल्या विटेचा असतो तसा. त्याला ऑफिसात सगळे ठवरे कलर म्हणत.

"लाल काहून नाही चालत सर?"

"मास्तरचा रंग आहे तो. लाल दिसलं की माणूस वाचतच नाही, घाबरते निस्ता."

आणि मग तो नियम, जो पुढे मी शंभरदा ऐकला. काय चुकलं ते सांगायचं. कोणी चुकवलं ते सांगायचं नाही. आणि आता काय करायचं ते सांगितल्याशिवाय ओळ संपवायची नाही.

त्यांची परीक्षा घ्यायची पद्धतही निराळी. नवा मेसेज लिहिला की कागदावर छापायचे आणि खाली कुंदाबाईच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर घेऊन जायचे. एकदा आमच्या मॅनेजरने, नितीनने, परस्पर एक ओळ लिहिली होती, 'भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असणे अनिवार्य आहे.' सरांनी तो कागद कुंदाबाईपुढे धरला. तिने हात पुसून वाचला आणि तोंडच पडलं तिचं.

"काय जी साहेब, केस करून राहिले का माह्यावर?"

सर तसेच वर आले. दुपारपर्यंत नवा मेसेज तयार होता. 'मोबाइल नंबरात दहा आकडे लागतात. तुम्ही नऊ टाकले आहेत. राहिलेला एक टाका.' टाकलेले आकडे मोजून दाखवायची सोय त्या फ्रेमवर्कमध्ये नव्हती, ती त्यांनी बसून लिहिली. परत खाली गेले. कुंदाबाई म्हणाली, "मंग असं सांगा ना! टाकते." सर त्या दिवशी दोन प्लेट पोहे खाऊन आले.

पण हे सगळं गोड बोलणं फॉर्ममध्येच. माणूस समोर आला की त्यांची जीभ म्हणजे नुसती कात्री. नितीनला भर मिटिंगमध्ये म्हणाले होते, "तुले काही समजत नाही अन् तू समजून घेऊन बी नाही राहिला." नव्या मुली त्यांच्या टेबलाकडे जायला घाबरत. डबा एकटेच खायचे, खिडकीकडे तोंड करून. मला त्यांची कीव यायची आणि तितकाच राग यायचा. एकदा न राहवून मी म्हणाले, "सर, फॉर्मशी बोलता तेवढं माणसाशी बोलत जा ना." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि पाणी प्यायला उठले.

एका उन्हाळ्यात ते सलग तीन दिवस आले नाहीत. फोन लागत होता, उचलत नव्हते. मी प्रताप नगरला मुलींच्या पीजीत राहायचे, त्यांचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून, म्हणून नितीनने मला पाठवलं. दार उघडायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. ताप होता. घर स्वच्छ, कुलर बंद, बुद्धाच्या तसबिरीपुढे कालची फुलं. आणि जिकडे बघावं तिकडे चिठ्ठ्या. शेगडीवर, 'गॅस चालू राहिला असेल. एकदा बघा.' फ्रिजवर, 'दूध संपत आले आहे. येताना आणा.' दाराच्या आतल्या बाजूने, 'किल्ली घेतली का? खिसा तपासा.' सगळं विटकरी स्केचपेनाने, सुबक अक्षरात, आणि सगळीकडे स्वतःलाच अहो-जाहो.

मी बघत उभी राहिले तसे ते ओशाळले. "घरी टोकाले कोणी नाही ना. म्हणून लावून ठेवल्या."

एका खोलीचं दार लावलेलं होतं. त्याच्यावर मात्र एकही चिठ्ठी नव्हती. मी खिचडी टाकली, त्यांनी चार घास खाल्ले. निघताना म्हणाले, "ऑफिसात सांगू नको वं." मी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी पीजीत माझ्या खोलीतल्या दोघी मोठ्याने भांडत होत्या, तर मला त्यांचं भांडण ऐकत बसावंसं वाटलं.

आता त्यांची एक करामत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. आमचे सगळे मेसेज एका फाइलमध्ये असत. जुन्या जावाला त्या फाइलमधली देवनागरी सरळ वाचता येत नसे, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक चार खुणांचा कोड लिहावा लागे. 'न'साठी एक, कान्यासाठी दुसरा, 'व'साठी तिसरा, अशी ती लांबच लांब माळ. आम्ही मराठीत लिहून मशीनकडून कोड करून घ्यायचो, आणि नंतर त्या फाइलमध्ये बघणंसुद्धा नको वाटायचं. ठवरे सर मात्र ती फाइल पेपरसारखी वाचायचे. बोट न लावता. "हे बघ, इथं 'कृपया' दोनदा झालं," असं नुसत्या आकड्यांकडे बघून सांगायचे. आम्ही पैज लावायचो आणि हरायचो. त्या फाइलमध्ये काय आहे हे वाचू शकणारा ऑफिसात तो एकच माणूस होता.

आणि दुसरं एक प्रकरण. एका कॉलेजच्या प्रवेश फॉर्मवर मुलांनी शाखा पसंतीच्या क्रमाने लावायच्या होत्या. सरांनी कोणाला न विचारता शेवटी एक पान वाढवलं. 'हा क्रम तुम्ही स्वतः लावला आहे ना? तुमची पहिली पसंती स्वतःच्या हाताने पुन्हा लिहा.' कॉलेजवाल्यांना ते नको होतं. नितीन म्हणाला, "सर, फॉर्ममध्ये चूक नाही, सगळे रकाने बरोबर आहेत, मग काहून अडवता पोरांना?" सर उभे राहिले. त्यांचा आवाज मी तेवढा चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "सगळे रकाने बरोबर राहतात नितीन, अन् तरी बी चूक राहते! एकदा अजून विचारलं त काय जाते तुह्यं?"  ते पान राहिलं. माणूस एवढा का पेटला ते कोणाला समजलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचं सगळं काम नव्या जावावर न्यायचं ठरलं. नव्याला देवनागरी सरळ चालते, कोडची गरज नाही. मेसेजची फाइल बदलायचं काम माझ्याकडे आलं. मशीनवर एक आज्ञा दिली आणि सगळ्या माळा एका क्षणात मराठी झाल्या. मी वरपासून वाचत गेले. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल. फाइलच्या तळाशी एक्केचाळीस ओळी अशा निघाल्या, ज्या कोणत्याच फॉर्मला जोडलेल्या नव्हत्या.

'मिनल, फॉर्ममधील क्रम बदलला गेला होता. कृपया फोन कर.'

'मिनल, त्या वेळी घरची परिस्थिती वेगळी होती. एकदा घरी ये, बोलू.'

'मिनल, तुझे मत विचारात घेतले गेले नाही. याबद्दल वाईट वाटते. उत्तर दे.'

अशा एक्केचाळीस. सात वर्षांत लिहिलेल्या. ज्या फाइलमध्ये कोणी वाचू शकणार नाही याची त्यांना खात्री होती, तिथे. आणि मी ती एका बटणाने सगळ्यांना वाचता येईल अशी करून ठेवली होती.  कोणाच्याही हाती जाऊ नये म्हणून मी ती फाइल स्वतःच्या मशीनवरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर लॅपटॉप त्यांच्यापुढे नेला. "सर, या ओळी नव्या फाइलमध्ये घेऊ की काढू?"

त्यांनी वाचलं. 

"कोणा-कोणानं वाचलं?"

"मीच."

"दुसऱ्याचं वाचाले लाज नाही वाटत तुले?"

मलाही तिडीक आली. "कंपनीच्या फाइलमध्ये लिहिलं तुम्ही. मी माझं काम करून राहिली होती, डोळे झाकू का?"

खालून ठेल्यांचा गलका येत होता. सर डब्यातल्या भाजीकडे बघत बसले. मग एकदम हळू आवाजात, एखादा नवा मेसेज दाखवावा तसं त्यांनी विचारलं, "कोणता बरा वाटला तुले?"

"एकही नाही."

"काहून?"

"क्रम बदलला गेला, मत विचारात घेतलं गेलं नाही. कोणी बदलला ते एकाही ओळीत नाही सर."

"मेसेजमध्ये कोणाचं नाव नसते घ्याचं. मीच शिकवलं तुले."

"हा फॉर्म नाही ना सर. मुलगी आहे."

तेव्हा ते बोलले. मिनलची बारावी झाली त्याच्या सहा महिने आधी तिची आई गेली होती. घरात दोघंच. इंजिनिअरिंगचा ऑनलाइन फॉर्म आला. मिनलला सिव्हिल हवं होतं, पूल बांधायचे होते. तिने अमरावतीच्या एका कॉलेजचं सिव्हिल पहिलं टाकलं. नागपूरचं कॉम्प्युटर आठवं. फॉर्म पक्का करायच्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली होती आणि पासवर्ड सरांकडे होता.

"ती अमरावतीले गेली असती त घरी मी एकटा राहिलो असतो," सर म्हणाले. "म्हणून आठवं उचललं अन् पहिलं केलं. दोन मिनिटाचं काम. फॉर्मनं काहीच विचारलं नाही वं. सगळे रकाने बरोबर होते."

यादी लागली त्या दिवशी मिनलने विचारलं, "बाबा, हे तुम्ही केलं?" सर म्हणाले, "फॉर्म बरोबर भरला आहे." बस. त्यानंतर ती चार वर्षं त्याच घरात राहिली, त्याच ताटात जेवली, बापाला वाढलंसुद्धा, पण बोलली नाही. डिग्री हातात आली त्या आठवड्यात बॅग भरून पुण्याला गेली.

"हेच लिहा," मी म्हणाले. "आता मले सांगितलं तेवढंच."

त्यांनी फोन घेतला. एका बोटाने टाइप करत होते, मी बाजूला उभी. 'मिनल, तुझ्या फॉर्मचा क्रम मी बदलला होता. तू अमरावतीला जाऊ नये म्हणून. तुला विचारलं नाही. चूक माझी आहे.' बोट थांबलं नाही. पुढे 'फोन' आलं, मग 'क' आला.

"ते नका टाकू सर."

"मंग तिनं काय कराचं ते कसं समजन तिले? असा अर्धा नाही पाठवत मेसेज."

"तिने काहीच करायचं नाही आहे. जे करायचं होतं ते तुमच्याकडे होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, एखादं गणित समोर मांडल्यावर पाहावं तसं. मग ती अक्षरं एकेक करून पुसली आणि मेसेज पाठवून दिला. चारच्या सुमारास मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे मिनलने तो वाचला. ते त्यांनी मला दुरूनच मान हलवून कळवलं. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही.

सर आणखी वर्षभर होते आमच्याबरोबर. एक्केचाळीस ओळी त्यांनी स्वतः काढल्या. पुढे नितीनने आणलेल्या नव्या तयार साच्यात चुका परत पानाच्या माथ्यावर गेल्या आणि परत लाल झाल्या. मी म्हटलं, मी भांडते. ते म्हणाले, "राहू दे." ज्या माणसाने एका रंगासाठी दहा वर्षं सगळ्यांशी वैर घेतलं, त्याचं ते 'राहू दे' मला सहन झालं नाही. मी घरी जाऊन रडले. 'फोन कर' हे दोन शब्द राहू दिले असते तर तिने केला असता का, हे माझ्या डोक्यातून जातच नव्हतं. मी कोण होते त्यांना ते पुसायला लावणारी? सात वर्षं त्यांनी जपून ठेवलेली आशा मी एका दुपारी खर्चून टाकली, असं वाटायचं. मग ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी दोन ओळी बोला म्हटलं तर "जेवून घ्या" एवढंच बोलले. मीही पुढे दुसरीकडे लागले.

शेवटचे दिसले ते या हिवाळ्यात, सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर. तिथल्या बाजारातून चष्मा नवा करून येत होते. बारीक झाले होते, स्वेटर ढगळ वाटत होता. खिशात पेन होते, कंगवा नव्हता. मी पाया पडले. इकडचं तिकडचं झालं, आणि मग मी विचारलंच.

"मिनलचं काही?"

"आला होता फोन," ते म्हणाले. "दिवाळीच्या नंतर."

"काय म्हणाली?"

"पहिले त बोललीच नाही. मी बी नाही बोललो. म्हटलं, आपण काही बोललो अन् चुकलं त?" ते रुळांकडे बघत होते. "लय वेळ तसंच. मंग म्हणे, बाबा, आहे का तुम्ही?"

"मग?"

"आहो मी, म्हटलं."

"मग?"

"मंग ठेवला तिनं."

त्यानंतर पुन्हा आला का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांची गाडी आली. दुपारची वेळ, डबा जवळजवळ रिकामा. ते आत गेले, पण बसले नाहीत. दाराशीच उभे राहिले, फोन हातात, पडदा वर. मी खुणेने म्हटलं, बसा ना सर.

"आत रेंज जाते वं," ते म्हणाले.

आमची मेट्रो जवळजवळ सगळी पुलावरूनच जाते, बोगदा कुठेच नाही. रेंज कुठेच जात नाही. पण तोवर दार बंद झालं होतं, आणि उघडं असतं तरी मी ते त्यांना सांगितलं नसतं.